निर्गुडीचा शेक

रत्नाबाईंच्या घरात 'पेशंट' हा शब्द कुणी काढला की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा कुठल्याशा मंडळाची माणसं सफरचंदांची पेटी घेऊन आली आणि त्यांच्यातल्या एकानं दारातूनच विचारलं, "सध्या किती पेशंट आहेत तुमच्याकडे?" रत्नाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पेशंट एकही नाही. आम्ही तिघं राहतो. चहा घेणार का?" माणसं ओशाळली. फोटो काढायचा बेत गुंडाळून मुकाट्यानं चहा प्याली आणि निघून गेली. सफरचंदं मात्र बाईंनी ठेवून घेतली. राग माणसांवर होता, फळांवर नव्हता.

घर म्हणजे बोईसरला सरावलीच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक पडवी. नवरा झुंबर आष्टी तालुक्यातून इथल्या कारखान्यात कामाला आला, मागून रत्नाबाई आल्या. पुढे एक दिवस झुंबरच्या पाठीवर पोत्यांची थप्पी कोसळली आणि तो नऊ वर्षं खाटेवर पडून राहिला. त्या नऊ वर्षांत जे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत ते सगळं बाई शिकल्या. झुंबर गेल्यावर महिनाभर रिकामी खाट बघवेना. शेजारच्या चाळीत पाठ मोडलेला एक मजूर बिनवारशी पडला होता, त्याला बाईंनी उचलून घरी आणायला लावलं. तेव्हापासून अकरा वर्षं हेच चाललं होतं. एक जायचा, दुसरा यायचा. कुणाला नातेवाईक घेऊन जायचे, कुणाला देव. एका संस्थेची उत्कर्षा नावाची नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन बघून जायची. बाकी सगळं बाईंच्या अंगावर.

बाईंची पद्धत घरची. जेवायच्या वेळी खाटा ओढून स्वयंपाकाच्या ओट्याजवळ आणायच्या आणि सगळ्यांनी एकदम जेवायचं. दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, म्हणजे एकाच जागी भार पडून कातडी फुटत नाही. आणि भिंतीवर कसलीही पाटी लावायची नाही. उत्कर्षानं एकदा प्लास्टिक चढवलेला मोठा तक्ता आणला होता. काय करावं, काय करू नये, सगळं चित्रांसकट. बाईंनी तो त्याच संध्याकाळी उतरवून खाटेखाली सरकवला.

"घरात कुणी असल्या पाट्या लावतं का गं? कालनिर्णय तेवढं लावतात."

"मावशी, मग निदान नवीन येणाऱ्याला तोंडानं तरी सांगत जा," उत्कर्षा म्हणाली.

"सांगते की. सगळं सांगते."

आणि त्या खरंच सगळं सांगायच्या. एक गोष्ट सोडून. ती त्या विसरत नव्हत्या, ती त्यांच्या तोंडून निघत नव्हती. पुढे जे झालं ते त्या एका गोष्टीमुळे झालं, असं रत्नाबाई आजही म्हणतात, आणि त्यांची समजूत घालणं कुणाला जमलेलं नाही.

देवू विक्रमगडच्या पलीकडच्या पाड्यावरचा, सव्वीस वर्षांचा. पावसाळ्यात घरची भाताची खाचरं, दिवाळी झाली की कामासाठी बाहेर, असं त्यांच्या पाड्याचं वर्ष. पावणेदोन वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडचे पत्रे बदलायला तो चढला, जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटला आणि देवू पाठीवर खाली आला. कंबरेखालचं सगळं गेलं. हलणंही गेलं आणि कळणंही गेलं. बायको स्वातीच्या कडेवर तेव्हा दीड वर्षाची कीर्ती होती. डोंगरातल्या त्या घरात त्याला ठेवायचं कसं, म्हणून तो रत्नाबाईंकडे आला.

पहिले चार महिने देवू भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. बाई येताजाता विचारायच्या, "काय रे, भिंतीवर सिनेमा लागलाय का? आम्हालापण सांग की स्टोरी." पाचव्या महिन्यात एकदा तो फस्सकन हसला आणि बाईंनी त्याच दिवशी त्याला चाकाच्या खुर्चीत बसवला. पाच मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्या दिवशी सात मिनिटं. मग दहा. दिवाळीपर्यंत दोन तास झाले.

वेळ मोजायचं काम चंद्रभानचं. तो उत्तर प्रदेशातला, मानेला मार लागून पाच वर्षांपूर्वी इथे आलेला. खांद्याखाली त्याचं काही हलत नसे. पण घड्याळ बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि आवाज खणखणीत होता. "माई, टाइम हो गया," अशी दर दोन तासांनी त्याची हाक यायची आणि बाई हातातलं टाकून कूस बदलायला धावायच्या. देवू खुर्चीत बसला की चंद्रभानचा उत्साह बघायलाच नको. "दो घंटा चालीस मिनट, देवू सेठ! आज तीन पक्का!"

तीन तासांचं सगळ्यांना इतकं वेड लागायला कारण होतं. बोईसरहून पाड्यावर जायला जीपला पावणेतीन तास लागतात. देवूला तेवढं बसता आलं तर तो घरी जाऊ शकत होता, आणि तोही बसून. बाईंच्या घरातून आजवर जे गेले ते चादरीत उचलून गेले. चार माणसांनी धरलेलं ओझं होऊन गेले. एकानं तरी खिडकीशी बसून, बाहेर बघत, हात हलवत जावं, ही बाईंची अकरा वर्षांची इच्छा होती. जानेवारीत देवू साडेतीन तास बसला आणि शनिवार ठरला. पाड्यावर त्याच्या भावानं, मिथुननं, दार रुंद केलं, उंबरा काढला, दगडमातीचा उतार केला. कीर्ती आता तीन वर्षांची झाली होती. बाप तिला मोबाइलमधूनच माहीत. ती रोज विचारायची, "बाबा या डब्यातून भायेर कवा येल?"

बाईंचा एक शिरस्ता होता. घरी जाणाऱ्याच्या माणसानं आधी दहा दिवस इथे येऊन राहायचं आणि सगळं हातानं करून शिकायचं. स्वाती त्या दिवसांत वीटभट्टीवर होती, म्हणून देवूची आई आली. नवसी. काटक, काळीसावळी, बोलायला कमी. डोक्यावर एक गाठोडं. त्यात नागलीचं पीठ, सुकवलेली बोंबलाची जुडी आणि वर्तमानपत्रात बांधलेला हिरवा पाला होता.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"निगडी. निर्गुडी बोलतात ना तुमी. शेकाला. इकडं मिळंल, नाय मिळंल, म्हनून आनली."

बाईंनी पाल्याकडे बघितलं. सांगायचं ते जिभेवर आलं होतं. शेक नको, यांना ऊन-गार कळत नाही, हे एवढंच. पण ते सांगितलं असतं तर नवसीनं विचारलं असतं, तुमाला कसं ठावं? आणि मग झुंबरच्या टाचेची गोष्ट सांगावी लागली असती. बाई म्हणाल्या, "ठेवा तिकडे कोपऱ्यात." आणि लगेच त्या उशी कुठे लावायची ते दाखवायला लागल्या.

नवसी भराभर शिकली. कूस बदलताना एक हात खांद्याखाली, एक मांडीखाली, आणि मग एका दमात. लघवीची पिशवी कशी धरायची, पाठीचं कातडं रोज उजेडात कसं बघायचं, खुर्चीत हवेची गादी कशी घालायची, सगळं. आठ दिवसांत ती बाईंच्या बरोबरीनं करू लागली. पण मोरीत भांडी घासताना ती रडायची. बाईंना ते पाठीवरून कळायचं.

एकदा न राहवून बाईंनी विचारलं, "काय झालं, नवसीबाई? चांगलं जमतंय की तुम्हाला."

"जमतं," नवसी म्हणाली. "पन हे कोनपन करील, बाय. हे त्याला असं ठेवाचं झालं. आयीनं बरं कराचं काय, ते सांगा."

"आईनं पण हेच करायचं," असं काहीतरी बाई म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटलं.

गुरुवारी बाईंना पालघरला जायचं होतं. देवूचं अपंगत्वाचं कार्ड तयार होतं, ते घेतलं की सगळे कागद पुरे होत होते. नवसीवर घर सोपवून त्या सकाळी निघाल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "दोन तासांचं तेवढं चुकवू नका. चंद्रभान हाक मारेल." कार्ड अकरालाच हातात पडलं. बाई सरळ घरी आल्या असत्या तर साडेबाराला पोचल्या असत्या. पण त्या एवढ्या खुशीत होत्या की पालघरच्या बाजारात शिरल्या. कीर्तीसाठी फ्रॉक घ्यायचा होता. पिवळा की गुलाबी, तीन वर्षांच्या पोरीचं माप केवढं, खिसा हवा की नको. दुकानदार कंटाळला. शेवटी पिवळा, दोन खिसे असलेला फ्रॉक पिशवीत घालून त्या एसटीत बसल्या तेव्हा दोन वाजून गेले होते.

घरापाशी रिक्षातून उतरल्या तर नवसी पडवीत उभी. हसत होती. नऊ दिवसांत तिचे दात बाईंनी पहिल्यांदाच बघितले.

"बाय, देवूला कळलं! शेक कळला त्याला!"

बाई पायरीवरच थांबल्या.

"मी इचारलं, ऊब कळते का रं? तो बोलला, कळते आये, बरं वाटतं. अजून गरम करू? बोलला, कर. मी मीठ नि वाळू तव्यावर भाजली, निगडी घातली, पुरचुंडी बांधून कंबरेखाली ठेवली. नि भात टाकला. त्याची कंबरच धरलेली होती बाय, बसून बसून. आमच्याकडं भट्टीवरून मानूस आला की असंच करतात. दोन दिसांत उठतो." ती बोलत सुटली होती. एवढी वाक्यं तिनं आल्यापासून मिळूनही बोलली नव्हती.

"दूध संपलंय," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या डेअरीतून घेऊन येता का?"

नवसी पिशवी घेऊन नाचत गेल्यासारखी गेली. बाई आत आल्या. देवूनं त्यांच्याकडे बघितलं नाही. चंद्रभाननं डोळे मिटून घेतले होते. बाईंनी देवूची कूस वळवली, लुंगी खाली सरकवली.

माकडहाडावर तळहातापेक्षा मोठा फोड आला होता, आणि मधोमध कातडी पांढरी पडली होती. लाल असती तर बाईंनी देवाचे आभार मानले असते. पांढरं म्हणजे आतपर्यंत भाजलेलं. गरम पुरचुंडी खाली आणि तिच्यावर सगळ्या अंगाचा भार. ज्याला कळतं तो पहिल्याच क्षणी बोंब मारून उठला असता. इथे उठणारं कुणी नव्हतं आणि कळणारंही कुणी नव्हतं.

"तुला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "रोज तुझ्यासमोर करते मी. आंघोळीचं पाणी आधी माझ्या कोपरानं बघते. तुला माहीत होतं, देवू."

"मावशी, फार झालं काय?"

"फार झालंय."

देवू उशीत तोंड घालून बोलू लागला. "ती मोरीत रडते ना रोज, मला आयकू येतं. तिला वाटतं मी अर्धा मेलोय. पयल्यांदा तिनं पुरचुंडी ठेवली नि माज्या तोंडाकडं बघत बसली. आता हा काय बोलतो, असं. मी बोललो, कळतं. मावशी, तुमी तिचं तोंड बघाया पायजे होतं."

"आणि दुसऱ्यांदा गरम करायला सांगितलंस?"

"मंग काय बोलणार? पयली कळली तर दुसरी नको का कळाया?" तो थांबला. "मला मागचं दिसत नाय ना, मावशी. वाटलं, थोडं लाल होईल. तुमी तिला सांगू नका. तुमच्या पाया पडतो. तिनं भाजलं, हे तिला सांगू नका."

चंद्रभाननं डोळे उघडले. "मैंने बोला था माई, अम्मा, गरम मत रखो. अम्मा समझी नहीं. इसने बोला, चुप भैया, ठीक है." तो घड्याळाकडे बघू लागला. "मैं चिल्ला सकता था. बाजूवाले आ जाते. मैं भी चुप रह गया. अम्मा हँस रही थी ना."

रत्नाबाई खाली बसल्या. या घरात कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांवर माया केली होती आणि त्या मायेनं पोराच्या कंबरेला भोक पाडलं होतं. याला आता ओरडायचं कुणावर?

उत्कर्षा संध्याकाळी धावत आली. तिनं जखम तपासली. मलमपट्टी केली, देवूला पालथं निजवलं आणि बाईंना पडवीत घेऊन गेली. "तीन महिने बसणं बंद. पालथा, नाहीतर कुशीवर. खोल गेली तर इस्पितळात न्यावं लागेल आणि तिथे कातडी लावावी लागेल. शनिवार विसरा, मावशी." मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "तुम्ही आईला शेकाचं सांगितलं नव्हतं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

नवसीला त्यांनी सांगितलं ते असं: माझ्या त्या खुर्चीतल्या गादीची हवा गेली होती, माझ्या लक्षात आलं नाही, त्यानं फोड आला. चूक माझी. हे सांगताना बाईंना वाटलं की आपण एका आईला वाचवतोय. खोटंही तितकंसं नव्हतं त्यांच्या मते. चूक त्यांचीच होती. नवसीनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. त्या दिवशी तिनं बाईंच्या हातचा चहा घेतला नाही.

शुक्रवारी ती बाईंना देवूच्या खाटेजवळ फिरकू देईना. कूस बदलायला बाई पुढे झाल्या की ती आधीच तिथे. आणि शनिवारी सकाळी नऊला मिथुन जीप घेऊन दारात उभा राहिला. बाईंनी त्याला येऊ नको म्हणून कळवलं होतं. नवसीनं शेजारणीच्या मोबाइलवरून ये म्हणून कळवलं होतं. जीपच्या मागच्या भागात गवत पसरून त्यावर गोधडी घातलेली.

"आमी नेतो त्याला," नवसी म्हणाली. गाठोडं बांधून तयार होतं. "बसून नाय तर निजून नेऊ. तुमच्या गादीनं झालं ना हे? आमच्या घरी गादीच नाय. खाट हाय. राग नका मानू, बाय, तुमी खूप केलं त्याचं. पन माज्या हातानं त्याला कळाया लागलंय. मी रोज दोन येळ शेक देईन. पाड्यावर निगडी पायजे तितकी. होळीला पाय हलवील तो, बघा."

बाईंनी देवूकडे पाहिलं. पालथा पडलेला देवू मान वळवून त्यांच्याकडेच बघत होता आणि डोळ्यांनी नको नको म्हणत होता. त्याच्या नजरेतून सगळंच कळत होतं: तो जाईल, शेक घेईल, बरं वाटतं म्हणेल आणि त्या पाड्यावर महिनाभरात सडून मरेल. आईला दुखवायचं नाही म्हणून मरेल. आणि तो मरताना आईला वाटेल, शेक कमी पडला.

"माई, बोल दो," चंद्रभान म्हणाला. "अब की बार मैं चुप नहीं रहूँगा. आप नहीं बोलोगी तो मैं बोलूँगा."

रत्नाबाईंनी नवसीचा हात धरला आणि तिला रिकाम्या खुर्चीवर बसवलं. देवूच्याच खुर्चीवर, दुसरी नव्हती.

"नवसीबाई, ऐका. माझा नवरा खाटेवर पडला त्याचा तिसरा महिना होता. असेच थंडीचे दिवस. पाय गार लागायचे त्याचे. मी काचेच्या बाटलीत गरम पाणी भरलं, फडक्यात गुंडाळून टाचांना लावलं. त्याला विचारलं, बरं वाटतं का? म्हणाला, फार बरं वाटतं गं रत्ना. तासाभरानं फडकं काढलं तर टाचेचं कातडं फडक्याला चिकटून आलं. आठ महिने ती जखम वाहत होती. लोकांना सांगितलं, पडून पडून झालं. सासूला तेच सांगितलं, डॉक्टरला तेच सांगितलं. वीस वर्षं तेच सांगतेय. तुम्ही पाला घेऊन आलात त्याच दिवशी मी तुम्हाला अडवायला पाहिजे होतं. माझी जीभ उचलली नाही."

नवसी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"गादीची हवा गेली नव्हती. गादी चांगली आहे."

मिथुन दारातच थबकला होता. बाहेर जीप चालूच होती, ती त्यानं जाऊन बंद केली.

"मंग तो बोलला का," नवसीनं विचारलं, "बरं वाटतं म्हनून?"

ज्याच्याकडे उत्तर होतं त्यानं तोंड उशीत घातलं होतं. नवसीनं पुन्हा एकदा विचारलं, तसंच्या तसं. मग ती उठली. कोपऱ्यातला उरलेला पाला तिनं उचलला, बाहेर नेऊन गटाराच्या कडेला ठेवला. टाकला नाही, ठेवला. आणि पडवीच्या पायरीवर बसली. दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, कुणाला दिसू नयेत असे.

बाई तिच्याजवळ गेल्या नाहीत. काय म्हणून जाणार? आपण हिला नऊ दिवस हात कसे लावायचे ते शिकवलं आणि आज त्याच हातांची हिला भीती घातली. खरं सांगून मोकळं वाटतं असं लोक म्हणतात. बाईंना काडीचंही मोकळं वाटलं नाही. त्यांनी पिवळा फ्रॉक काढून मिथुनच्या हातात दिला. "एवढा तरी ने. पोरगी वाट बघत असेल." मिथुननं तो छातीशी धरला. भावाच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि रिकामी जीप घेऊन गेला. गवतावरची गोधडी तशीच राहिली होती.

कुणी जेवलं नाही. चंद्रभानचे डोळे घड्याळावर होते. काटा सरकत होता तसतसा तो अस्वस्थ होत होता, कारण आज हाक मारायची ती कुणाला, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी वेळ भरली आणि त्यानं नेहमीच्या निम्म्या आवाजात सांगितलं, "टाइम हो गया."

बाई उठल्या.

"मावशी, तुमी नको," देवू म्हणाला. मग पडवीकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली. "आये! माजी कूस बदल."

पायरीवरून काही हालचाल झाली नाही.

"आये, दोन तास झाले. दुसऱ्या जागी पन फुटंल."

नवसी आली. दारात थांबली, खाटेपाशी थांबली. पदरातून हात बाहेर काढायला तिला वेळ लागला. शिकवल्याप्रमाणे एक हात तिनं देवूच्या खांद्याखाली घातला, दुसरा मांडीखाली. आणि तशीच वाकून राहिली. जोर लावेना.

"देवू," ती म्हणाली, "माजे हात कळतात?"

देवूनं मान वळवून आईकडे बघितलं.

"खांद्याचा कळतो, आये."

"नि खालचा?"

"नाय," देवू म्हणाला. "खालचा कायच नाय कळत. कवाच नाय कळला."

नवसीनं मान हलवली. मग दोन्ही हात होते तिथेच ठेवून तिनं त्याला कुशीवर घेतलं.